यादीत नाव नसते तेव्हा



मे महिन्यात परीक्षांचे निकाल लागतात आणि त्यापाठोपाठ प्रवेशाच्या याद्यांचे दिवस सुरू होतात. शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागलेले असतात, त्याच दिवसांत घराघरांतील विद्यार्थ्यांचे डोळे मोबाइलच्या पडद्याकडे लागलेले असतात. यादी जाहीर होते. काहींचे नाव तीत असते, अनेकांचे नसते. ज्यांचे नाव असते त्यांच्या घरी पेढे येतात, हारतुरे येतात, चौकात अभिनंदनाचे फलक लागतात. ज्यांचे नाव नसते त्यांच्या घरी काय बोलावे, हे शेजाऱ्याला कळत नाही, नातेवाइकांना कळत नाही आणि पुष्कळदा आईवडिलांनाही कळत नाही. आजच्या भाषणाचा विषय हा दुसरा विद्यार्थी आहे.

प्रवेश मिळण्याला मराठीत 'नंबर लागणे' असे म्हणतात. हा शब्दप्रयोग मोठा नेमका आहे. रेशनच्या दुकानात नंबर लागतो, दवाखान्यात लागतो, एसटीच्या आरक्षणात लागतो. जागा संपल्या की मागे उभ्या असलेल्या माणसाला परत जावे लागते; पण म्हणून तो माणूस कमी प्रतीचा ठरला असे कोणी मानत नाही. शिक्षणाच्या बाबतीत मात्र हा विवेक सुटतो. संगणकाने 'नंबर लागला नाही' एवढेच सांगितलेले असते. घरात त्याचा अर्थ 'मुलगा कमी पडला' असा लावला जातो, आणि सतरा वर्षांचे मूल त्याचा अर्थ 'मी कशाच्याच कामाचा नाही' असा लावून घेते. एकाच वाक्याचे असे तीन अर्थ होत जातात. मुलाला पुन्हा पहिल्या अर्थापाशी आणून सोडणे, हे त्याच्या भोवतालच्या मोठ्या माणसांचे कर्तव्य होय.

आकडे काय सांगतात

वैद्यकीय प्रवेशासाठी असलेल्या 'नीट' परीक्षेला २०२५ साली देशभरातून २२ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या सर्व सरकारी व खासगी महाविद्यालयांतील जागा एकत्र केल्या तरी त्या दीड लाखाच्या आत होत्या. म्हणजे एका जागेमागे किमान चौदा उमेदवार उभे होते. चौदांपैकी तेरा घरांत नकार जाणार, हे परीक्षेपूर्वीच निश्चित होते. मुलांनी कितीही अभ्यास केला असता तरी या हिशेबात फरक पडला नसता. फार तर नकार एका घराऐवजी दुसऱ्या घरी गेला असता.

अकरावीच्या प्रवेशाचे चित्र याच्या अगदी उलट आहे. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात केंद्रीभूत ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. त्या वर्षी राज्यात अकरावीच्या वीस लाखांहून अधिक जागा उपलब्ध होत्या आणि अर्ज करणारे विद्यार्थी त्याहून काही लाखांनी कमी होते. तरीही हजारो घरांत नाराजी पसरली, कारण सर्वांना हवी होती ती मोजकीच नामांकित महाविद्यालये. येथे विद्यार्थ्याला शिक्षणाने नाकारलेले नसते. एका इमारतीत त्या वर्षी जागा नव्हती, एवढेच घडलेले असते.

हे दोन हिशेब प्रत्येक मुख्याध्यापकाने दहावी-बारावीच्या पालकसभेत निकालापूर्वीच मांडावेत. निकालानंतर सांगितलेला हिशेब सांत्वनासारखा वाटतो. आधी सांगितलेला हिशेब ज्ञान म्हणून स्वीकारला जातो.

पहिले आठ दिवस

यादी लागल्यानंतरचे पहिले आठ दिवस सर्वांत नाजूक असतात. या काळात उपाय सांगण्यापेक्षा अपाय टाळणे अधिक महत्त्वाचे आहे.

मुलाला वाईट वाटते आहे, ते वाटू द्यावे. दोन वर्षे सण-समारंभ आणि खेळ बाजूला सारून ज्याचा ध्यास घेतला, ते हातून गेले तर दुःख होणारच. 'त्यात काय एवढे' असे म्हणणारा माणूस त्या दोन वर्षांच्या कष्टांनाही क्षुल्लक ठरवीत असतो. 'तुला वाईट वाटणं साहजिक आहे, बाळा, आम्हालाही वाटतंय. आपण सावकाश बोलू,' एवढे बापाच्या तोंडून निघाले तरी पुरे आहे. पुष्कळ घरांतून वडील अशा वेळी गप्प होतात. त्यांच्या मनात राग नसतो, काळजी असते. पण मुलगा त्या मौनाचा अर्थ रागच घेतो. म्हणून वडिलांनी बोलावे. थोडे बोलावे, पण बोलावे.

या आठ दिवसांत तीन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. पहिली म्हणजे खर्चाचा उल्लेख. लातूर, नांदेड वा कोटा येथील शिकवणीसाठी घराने पैसे उभे केलेले असतात. कोणी सोने गहाण ठेवलेले असते, कोणी जमिनीचा तुकडा विकलेला असतो. मुलाला हे माहीत असते आणि त्याच्या मनावरचे सर्वांत मोठे ओझे बहुधा तेच असते. ते पुन्हा शब्दांत उच्चारणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. दुसरी गोष्ट तुलना. आत्याच्या मुलाचा कोठे नंबर लागला, हे त्याला आधीच ठाऊक असते. तिसरी गोष्ट चारचौघांतील चर्चा. 'काय हो, कुठं लागला नंबर?' असा प्रश्न पाहुणे विचारणारच. त्या वेळी मुलाला उत्तर देण्यास पुढे न करता आईने किंवा वडिलांनीच सरळ सांगावे की, 'अजून ठरायचंय, पुढच्या फेऱ्या आहेत.' मुलासमोर शरमेने मान खाली घालणारा पालक, शब्दही न बोलता, मुलाला दोषी ठरवीत असतो.

त्याच वेळी घरातील नित्यक्रम मोडू देऊ नये. जेवणाची वेळ, झोपेची वेळ, शेतातले किंवा दुकानातले नेहमीचे काम, मित्रांकडे जाणे हे चालू राहिले पाहिजे. शिक्षा म्हणून काम लावू नये आणि दया म्हणून काम काढूनही घेऊ नये. आपली घराला गरज आहे, ही जाणीव अशा वेळी कोणत्याही उपदेशापेक्षा अधिक आधार देते.

नकाराचे कारण शोधावे

मन थोडे शांत झाल्यावर नकार नेमका कशामुळे मिळाला, हे मुलाबरोबर बसून पाहावे. सर्व नकार सारखे नसतात. काही नकार कागदपत्रांमुळे मिळतात. जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र, अधिवास किंवा उत्पन्नाचा दाखला वेळेत न मिळाल्याने हक्काची जागा हुकते. काही नकार पसंतीक्रम चुकीचा भरल्याने मिळतात. मिळण्याजोगी महाविद्यालये अर्जात लिहिलेलीच नसतात. काही नकार गुण खरोखरच कमी पडल्यामुळे मिळतात. आणि काही वेळा असेही आढळते की, त्या अभ्यासक्रमाची ओढ मुलाला कधी नव्हतीच. ती घराची होती.

पहिल्या प्रकारच्या नकाराची जबाबदारी विद्यार्थ्यावर मुळीच नाही. येथे उपस्थित अधिकाऱ्यांनी आणि पंचायत सदस्यांनी याचा विशेष विचार करावा. दाखल्यासाठी जूनमध्ये सेतू केंद्रापुढे लागणारी रांग नोव्हेंबरमध्ये लागत नाही. अकरावीत किंवा बारावीच्या आरंभीच शाळेने यादी करून कोणाकडे कोणता दाखला नाही हे नोंदवले, आणि ग्रामपंचायतीने तहसील कार्यालयाशी बोलून गावातच शिबिर घेतले, तर कित्येक नकार जन्मालाच येणार नाहीत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे आणि विलंब झाल्यास अपील करता येते. ही माहिती पालकांपर्यंत पोहोचवणे, हेही मुलाला धीर देण्याचेच एक काम आहे.

अन्यायाने मिळालेल्या नकाराला कसे सामोरे जावे, याचे उदाहरण महाराष्ट्राच्या घरातले आहे. कमला भागवत या विद्यार्थिनीने १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी उत्तम यश मिळवून घेतली आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. त्या वेळी संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. ती स्त्री आहे, या कारणासाठी अर्ज नाकारण्यात आला. हे कारण गुणवत्तेचे नव्हते, म्हणून तिने ते मान्य केले नाही. ती बंगळूरला गेली, तिने प्रत्यक्ष भेटून आपला आग्रह धरला आणि अखेर एक वर्षाच्या परीक्षणकाळाच्या अटीवर प्रवेश मिळवला. तिचे वडील नारायणराव भागवत स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते आणि त्याच संस्थेत शिकलेले होते. पुढे केंब्रिज विद्यापीठाने १९३९ साली तिला डॉक्टरेट दिली. डॉ. कमला सोहोनी या नावाने त्या विख्यात झाल्या आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालकपदापर्यंत पोहोचल्या. ज्येष्ठ साहित्यिक दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी, हे वाचकांना माहीत आहेच.

केवळ जागा अपुऱ्या असल्याने मिळालेल्या नकाराचे उदाहरण डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे आहे. तरुणपणी त्यांना वायुदलात वैमानिक व्हायचे होते. डेहराडूनच्या निवड मंडळापुढे पंचवीस उमेदवार होते, त्यांत कलाम यांचा क्रमांक नववा लागला आणि जागा आठच होत्या. त्यांना अत्यंत दुःख झाले, हे त्यांनी स्वतः आत्मचरित्रात नमूद केले आहे. येथे अन्याय झालेला नव्हता आणि तक्रारीलाही जागा नव्हती. त्यांनी दिल्लीला जाऊन तांत्रिक विकास व उत्पादन संचालनालयातील नोकरी स्वीकारली आणि तेथून त्यांचा क्षेपणास्त्रांपर्यंतचा प्रवास सुरू झाला. ८ जून २००६ रोजी राष्ट्रपती या नात्याने पुण्याजवळच्या लोहगाव तळावरून सुखोई विमानातून त्यांनी भरारी घेतली, तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते.

मात्र अशा थोरांच्या गोष्टी पहिल्याच दिवशी मुलाला ऐकवू नयेत. दुःखात बुडालेल्या मुलाला त्या ऐकून 'मला असेही होता आले पाहिजे' असा नवाच भार वाटतो. या गोष्टींचा खरा उपयोग मोठ्यांना आहे. कोणता नकार लढवायचा आणि कोणता स्वीकारायचा, हा विवेक त्यांतून शिकण्यासारखा आहे.

दुबार पेरणीचा विचार

मृगात केलेली पेरणी पावसाच्या खंडाने वाया गेली, तर शेतकरी रानात बसून राहत नाही आणि घाईने तेच बियाणे पुन्हा टाकतही नाही. ओल किती आहे, हंगाम किती उरला आहे, आता कोणते पीक हाताला लागेल, हे पाहून तो दुबार पेरणी करतो. पुढील शिक्षणाचा निर्णयही असाच घ्यावा.

प्रथम चालू प्रक्रियेतील उरलेल्या फेऱ्यांचा विचार करावा. पहिल्या यादीत नाव नसले तरी पुढील फेऱ्यांत जागा रिकाम्या होतात, म्हणून वेळापत्रक शिक्षकाने मुलाबरोबर बसून वाचावे आणि पसंतीक्रम नव्याने लावण्यास साहाय्य करावे. नियम नीट समजून घेणे आवश्यक आहे. अकरावीच्या प्रक्रियेत पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यास ते स्वीकारावेच लागते. न स्वीकारणारा विद्यार्थी पुढील नियमित फेऱ्यांबाहेर राहतो.

त्यानंतर जवळचे मार्ग पाहावेत. तंत्रनिकेतनातील पदविका पूर्ण करणाऱ्याला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे. आरोग्यसेवेची खरी आवड असलेल्या मुलासाठी आयुर्वेद, परिचर्या, औषधनिर्माण, भौतिकोपचार, प्रयोगशाळा तंत्रज्ञान असे अनेक दरवाजे आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, कृषी अभ्यासक्रम आहेत. ज्याला घरच्या परिस्थितीमुळे काम करीत शिकावे लागते, त्याच्यासाठी १९८९ साली स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. हे मार्ग 'दुय्यम' म्हणून पुढे केले तर मुलगा ते दुय्यम म्हणूनच स्वीकारील. त्यांतील काम कोणते, कष्ट किती आणि मिळकत कशी, हे त्या क्षेत्रात काम करणाऱ्या माणसाला भेटवून दाखवावे. तालुक्याच्या रुग्णालयातील परिचारिका किंवा कारखान्यातील तंत्रज्ञ अर्ध्या तासात जे सांगेल, ते दहा पत्रकांतून कळणार नाही.

वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा देण्याचा पर्यायही खुला असतो. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड ही परीक्षा लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते. नीटला संधींची मर्यादा नाही आणि २०२२ पासून कमाल वयाची अटही उरलेली नाही. मर्यादा नाही, यातच धोका आहे. एका वर्षाची तीन वर्षे कशी झाली हे कळत नाही. म्हणून पुन्हा परीक्षा देण्याची इच्छा मुलाची स्वतःची आहे काय, मागच्या वेळी नेमके कोठे कमी पडले हे कळले आहे काय, आणि पुढच्या वर्षीही यश आले नाही तर काय करायचे हे आधी ठरले आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच तो निर्णय घ्यावा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून ठेवावे. दुसरी वाट ठरलेली असली की पहिल्या वाटेवर निर्भयपणे चालता येते.

मुलींच्या बाबतीत

मुलाला नकार मिळाला तर बहुधा त्याचे एक वर्ष जाते. मुलीला नकार मिळाला तर कित्येकदा तिचे शिक्षणच संपते. 'नंबर लागला नाही, आता स्थळ पाहू' हे वाक्य ग्रामीण भागात आजही ऐकू येते. सतराव्या वर्षी बारावी झालेली मुलगी कायद्याने अद्याप विवाहयोग्यही नसते, हे पंचायत सदस्यांनी लक्षात ठेवावे आणि अशा घरी वेळीच जावे. जाताना हाती माहिती न्यावी. शासनाने २०२४-२५ या वर्षापासून आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेद्वारे प्रवेश घेतलेल्या मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत दिली आहे. 'दुसऱ्या महाविद्यालयाची फी झेपणार नाही' या हरकतीला त्यामुळे अनेक घरांत उत्तर मिळते. सरपंच किंवा शिक्षिका यांनी 'ताई, पोरीचं एक वर्ष आमच्यावर सोपवा, अर्ज आम्ही भरून घेतो' असे म्हटले, तर एखाद्या मुलीचे पुढील आयुष्य बदलू शकते.

धोक्याच्या खुणा

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांमध्ये महाराष्ट्रातील संख्या सर्वाधिक होती. यांची कारणे अनेक असतात. तथापि निकाल आणि प्रवेश यांचे दिवस जोखमीचे असतात, हे विसरून चालणार नाही. मूल दोन आठवड्यांनंतरही नीट जेवत वा झोपत नसेल, मित्रांना टाळत असेल, आवडत्या वस्तू वाटून टाकीत असेल किंवा 'मी नसतो तर बरे झाले असते' असे बोलत असेल, तर त्याला धमकी समजू नये आणि हसण्यावारीही नेऊ नये. त्याला एकटे सोडू नये. तू जीव देण्याचा विचार करतो आहेस काय, असे शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, हा गैरसमज आहे. त्यानंतर विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक अहोरात्र उपलब्ध असून तेथे मराठीतून बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दर्शनी भागी रंगवून ठेवावा.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत पात्र समुपदेशक असावा, गुणांवरून विद्यार्थ्यांच्या तुकड्या पाडू नयेत आणि त्यांना सर्वांसमक्ष लज्जित करू नये, असे त्यांत सांगितले आहे. समुपदेशक येईपर्यंत वर्गशिक्षक आहेच. यादी लागल्यानंतरच्या आठवड्यात ज्यांचे नाव आले नाही अशा विद्यार्थ्यांना शिक्षकाने एकेक करून फोन करावा किंवा घरी जाऊन यावे. शाळा सोडल्यानंतरही सरांनी आठवण ठेवली, एवढ्यानेच मूल सावरू लागते.

गावाचे काम

निकालानंतर गावोगावी गुणगौरव समारंभ होतात. ते अवश्य व्हावेत. परंतु त्याच व्यासपीठावरून ज्यांना हवा तो प्रवेश मिळाला नाही अशा मुलांसाठी मार्गदर्शनाचा एक तास ठेवणे फार अवघड नाही. उरलेल्या फेऱ्यांच्या तारखा, शिष्यवृत्त्यांची माहिती, दाखल्यांचे शिबिर आणि त्याच गावचा, पहिल्या नकारानंतर वेगळ्या वाटेने उभा राहिलेला एखादा तरुण, एवढी सामग्री पुरेशी आहे. ग्रामपंचायतीची एखादी खोली अभ्यासिका म्हणून उघडली, तर पुन्हा परीक्षेला बसणाऱ्या मुलाला चार सोबती मिळतील आणि घरातल्या एकांतापेक्षा ती सोबत त्याला अधिक हिताची ठरेल.

प्रवेशाच्या याद्या दरवर्षी लागणार आहेत आणि जागा उमेदवारांपेक्षा कमी असतील तोवर काही घरांत नकार जाणारच आहे. तो टाळणे कोणा एका शिक्षकाच्या किंवा सरपंचाच्या हाती नाही. परंतु नकार आलेल्या घराचे दार पहिल्या आठ दिवसांत कोणी ठोठावले काय, हे मात्र पूर्णपणे गावाच्या हाती आहे. यंदा यादी लागेल त्या दिवशी प्रत्येक शिक्षकाने आणि प्रत्येक पंचायत सदस्याने असे एक घर निवडावे आणि संध्याकाळी तेथे चहाला जावे. उपदेश करू नये. बसावे, ऐकावे, आणि निघताना पुढच्या फेरीची तारीख सांगून यावे.